अकरा जुळल्या, एक नाही

“थुका देव नको गो पोरी. मोजनारा एकदा मोजाय बसला का उठत नाय,” असं येसूबाईनं बजावलं होतं. वैदेहीनं ते हसण्यावारी नेलं. बीएस्सी झालेली ती, नवऱ्याच्या आजीच्या भीतीपेक्षा तिचा लॅबवर भरवसा जास्त.

भानगड पालखीची होती. पावणे गावच्या जत्रेत देवीच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान वैदेहीच्या नवऱ्याच्या, निखिलच्या घरचा. पण त्याचा चुलतकाका रावसाहेब दरवर्षी नाक्यावर बसून पुटपुटायचा, “येसूबाईचा नवरा रामचंद्र वर्षभर बोटीवर होता, मग तिला पोरगा झालाच कसा? निखिलचा बाप आमच्या रक्ताचा नायच.” ऐकून ऐकून वैदेहीच्या डोक्यात तिडीक गेली. “होऊनच जाऊ दे एकदा,” म्हणत तिनं किट मागवलं. बापाकडून मुलाकडे उतरत जाणाऱ्या डीएनएतल्या खुणा तपासायच्या होत्या. बारा खुणांची टेस्ट सगळ्यात स्वस्त, म्हणून तीच घेतली. निखिलची थुंकी एका नळीत, रावसाहेबाची दुसऱ्या.

रिपोर्ट आला. अकरा जुळल्या, एक नाही.

लगेच कंपनीच्या बाईचा फोन. “मॅडम, बारावर काही ठरत नसतं. सदतीसवर अपग्रेड करा, फक्त फरक भरायचा. सदुसष्टला डिस्काउंट चालू आहे. आणि एकशे अकरा घेतलंत तर टेन्शनच संपलं! सॅम्पल परत नको, तुमचं जुनं ठेवलंय आम्ही.”

वैदेहीनं कार्ड काढलंसुद्धा. तेवढ्यात तिचं लक्ष समोर गेलं. रोज छोट्या पणतीची, रुतिकाची वेणी घालणारी येसूबाई कंगवा धरून नुसतीच बसली होती. रुतिका डोकं पुढं करून ताटकळलेली.

“हिला हात लावला तं चालल ना गो?” म्हातारीनं विचारलं.

वैदेहीनं फोन ठेवून दिला. सदतीस काय नि एकशे अकरा काय, प्रत्येक पायरीवर आरोपी म्हणून उभी राहणार होती ती ही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई.

देवळातल्या बैठकीत रावसाहेबानं रिपोर्ट नाचवला. “एक कमी हाय! आता बोला!”

“काका, कमी कुठं लिहिलंय?” वैदेहीचा आवाज खणखणीत निघाला. “जुळत नाही, एवढंच लिहिलंय. दोन नळ्या होत्या. एक निखिलची, एक तुमची. वेगळी कुणाची, ते दाखवा.”

रावसाहेबानं कागद उलटसुलट केला. मागून गावातली यशोदाबाई खिदळली, “मंग तुज्या आयशीला इचार रं!”

“नाही हं, यशोदाबाई. त्यांच्या आईलाही मध्ये आणायचं नाही,” वैदेही गर्रकन वळली. “निखिलचं सॅम्पल मी टाकून द्यायला सांगितलंय. पहिला खांदा कुणालाही द्या. थुंकी मोजून मिळणारा मान आमच्या घराला नको!”

रावसाहेबानं कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

खांद्याचं गाव अजून ठरवतंय. ठरवू दे. पण येसूबाई तेव्हापासून ओट्यावर आलेली नाही. वैदेही ऐरोलीला नोकरीवर, निखिल कळंबोलीला, रुतिका बालवाडीत. दुपारभर म्हातारी एकटी असते. पावण्याच्या बाजूला आलात, तर देवळामागच्या निळ्या दाराची कडी जरा वाजवा. जेवली का विचारा. आणि हाताला धरून तिला ओट्यावर आणून बसवा, चारचौघांत.