अर्धा मिनिट टिकणारा गुलाबी

"सर्दी झाली की माणसानं घरी निजावं. दुधावर येऊन शिंकू नये."

हौदावर काम करणारा रावीरी हे स्वतःशी पुटपुटला खरा, पण डोरीनच्या कानापासून हातभर अंतरावर; म्हणजे ते तिच्यासाठीच होतं. तिनं रुमाल नाकाला लावला आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. घरी निजायला तिला काय नको होतं? पण ती निजली असती तर वेळेवर खोकलं कोण असतं?

टारानाकीतल्या त्या फॅक्टरीत रोज सकाळी अकरा गोठ्यांवरून दुधाचे कॅन यायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या दुधाचं चेडर चीज होऊन दाबाखाली बसायचं. एकतीस वर्षं ते पर्सी लॅम्पर्ड करत होता. दुधात विरजण पडलं की आम्लता चढू लागते, आणि ती किती चढली त्यावर पुढचं सगळं ठरतं. बघायची रीत साधी. हौदातली निवळी, म्हणजे दुधातून सुटलेलं पाणी, पांढऱ्या कपात मोजून घ्यायची, रंगाचे तीन थेंब घालायचे, आणि उभ्या काचेच्या नळीतून सोडा थेंब थेंब पाडत राहायचं. आम्ल शिल्लक आहे तोवर कप पांढरा. ते संपलं की पुढच्या थेंबाला गुलाबी, तोही अगदी फिकट, अर्धा मिनिट टिकेल इतकाच. तिथे हात थांबवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आकडा सोळावर आला की निवळी सोडायची. नळीला हात फक्त चीज करणाऱ्यानं लावायचा. असा कुठे नियम लिहिलेला नव्हता, पण रावीरीनं किंवा डोरीननं तो लावला असता तर चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या आधी उठून प्रवचन सुरू केल्यासारखं दिसलं असतं.

दोन वर्षांपूर्वी कधीतरी पर्सीला तो फिकट गुलाबी दिसेनासा झाला. कप रंगून गेला तरी त्याचा हात थांबेना. शेजारी उभ्या डोरीनच्या घशात काय अडकलं कोण जाणे, ती खाकरली, आणि पर्सी थांबला. दुसऱ्या दिवशी ती जरा आधी खाकरली. त्यानंतर रोज. दुधातलं लोणी तपासणं हे तिचं काम. पण प्रत्येक आकड्याच्या वेळी तिला वही घेऊन हौदापाशी यायचं काही ना काही निमित्त सापडायचं. यावर कोणी कधी एक शब्द बोललं नाही. रावीरीला ठाऊक होतं, बॉयलरवाल्याला ठाऊक होतं. पर्सीला ठाऊक होतं की नाही, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

न बोलायला कारणं होती. पर्सीचं घर फॅक्टरीचं होतं. नोकरी गेली की घरही जायचं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्याच्या बायकोचं, एल्सीचं, कंबरडं इतकं गेलं होतं की ती स्वयंपाकघरातून व्हरांड्यापर्यंत खुर्ची ढकलत यायची. आणि डोरीनचं वेगळंच. तिचा नवरा टेड ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा नवव्या दिवशी पर्सी तिच्या दारात उभा राहिला होता, हातात चीजचा तुकडा, आणि म्हणाला होता की लोणी तपासायला फॅक्टरीत माणूस हवाय. फॅक्टरीत माणूस नको होता, हे तिला पुढे वर्षभरानं कळलं.

त्या दिवशी, मार्चमधल्या एका ढगाळ सकाळी, दोन नंबरचा हौद सुस्त होता. हे पहिल्यांदा रावीरीच्या नाकाला कळलं. विरजण लागलं की हौदावर एक आंबूस ऊब येते. ती येईना.

पहिल्या आकड्याला डोरीन वही घेऊन उभी राहिली. पर्सीनं थेंब सोडायला सुरुवात केली आणि तिच्या छातीतून खोकला उसळला. खरा खोकला, आगाऊ, न विचारता. पर्सीचा हात जागच्या जागी थांबला. कप पांढराशुभ्र होता.

"दहा," पर्सीनं वाचलं आणि हौदाची कड थोपटली. "सुस्त आहे पोरगी. येईल रंगात."

बारा यायला हवा होता. डोरीननं दहा लिहिला, कारण लिहायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. मग ती आपल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि फळीवरची लोकरी टोपी काढली. टोपी चहाच्या किटलीची, एल्सीनं विणलेली. तिच्याखाली पीएचचं, म्हणजे आम्लता मोजायचं, यंत्र होतं. फॅक्टरीच्या कमिटीच्या अध्यक्षांनी ते तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं आणलं आणि पर्सीनं त्याच दिवशी फळीवर ठेवून दिलं. त्या डब्याला विरजणाचा वास येतो का, असं त्यानं अध्यक्षांनाच विचारलं होतं. डोरीननं मात्र शाळेच्या हेडमास्तरांकडून पुस्तक मागून आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत, सँडविच एका हातात धरून, ते यंत्र आणि त्यातलं गणित शिकून घेतलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईला त्यातलं एक फार आवडलं होतं: या मोजणीत पायऱ्या दिसतात लहान आणि असतात मोठ्या. आकडा एकानं उतरला की आम्ल दहापट. नुसता पॉइंट तीननं उतरला तरी दुप्पट.

काटा साडेसहावर थांबला. आत्ता इतका असायला हरकत नव्हती. तासाभरात तो सहा पॉइंट दोनला उतरायला हवा होता, म्हणजे आम्ल दुपटीवर.

तासाभरानं तिनं पुन्हा निवळी आणली. साडेसहा. तिनं यंत्राच्या टोकाचा काचेचा फुगा धुतला, ठरलेल्या द्रावणात बुडवून काटा तपासला, पुन्हा निवळीत घातला. साडेसहा. दुधात काही चाललेलंच नव्हतं. कोणीतरी सुजलेल्या कासेत पेनिसिलिन सोडून त्याच गाईचं दूध कॅनमध्ये ओतलं असणार, आणि विरजण मेलं असणार. विरजण मेलं की त्या कोमट हौदात दुसरं काय काय जगतं, ते पुस्तकातही होतं आणि पुस्तकाबाहेरही. गेल्या साली नदीपलीकडच्या एका गावात अशाच सुस्त हौदाचं चीज शाळेच्या सहलीला गेलं होतं. एकोणीस मुलं दवाखान्यात. सगळी वाचली, पण एक मुलगी बरेच दिवस वाचेल की नाही अशी होती.

बाहेर दुसरा आकडा सुरू होत होता. ती धावतच गेली. या वेळी चुकीचा खोकला येऊ द्यायचा नाही म्हणून तिनं श्वास कोंडला, दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं. कप गुलाबी झाला तेव्हा खोकायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा बसला होता. थेंब पडत राहिले. ती खाकरायचा प्रयत्न करत राहिली आणि नुसती हवा निघत राहिली. शेवटी पर्सीनंच अंदाजानं हात थांबवला.

"सतरा," पर्सी म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. "म्हटलं नव्हतं? आली रंगात. रावीरी, निवळी सोड."

दहानंतर सतरा. वहीत ते इतकं सुरेख दिसत होतं की तपासनीसानं कौतुक केलं असतं. एक आकडा तिच्या खोकल्यानं खाली ओढला होता, दुसरा तिच्या गप्प बसण्यानं वर गेला होता, आणि दोन्हींच्या मध्ये एक मेलेला हौद जिवंत होऊन बसला होता. तिच्याच अक्षरात.

रावीरी निवळीच्या चावीपाशी गेला आणि तिथेच वाकून राहिला. चावी अडकली म्हणाला. ती चावी त्यानं सकाळीच तेल घालून फिरवली होती. त्यानं मान वळवून डोरीनकडे पाहिलं: जे काय करायचं ते आता कर.

तिनं आधी सोपं करून पाहिलं. बसक्या आवाजात म्हणाली की रंगाची बाटली जुनी झाली असावी, नव्या बाटलीनं एकदा बघूया का. पर्सीनं बाटली उजेडात धरली, चांगली आहे म्हणाला. मग तिनं यंत्राचं नाव काढलं. साडेसहा दाखवतंय, सकाळपासून हललेलं नाही, असं सांगितलं.

"डोरीन, त्या डब्यानं आजवर एक तरी चीज केलंय का?"

"नाही. पण त्यानं लपवलंही काही नाही."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. पर्सीनं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग त्यानं नवा कप घेतला, निवळी मोजली, तिनं दिलेल्या नव्या बाटलीतले तीन थेंब घातले. तुझ्या समाधानासाठी, म्हणाला. रावीरी चावी सोडून जवळ आला. बॉयलरवाला दारात उभा राहिला.

थेंब पडू लागले. डोरीननं घशात जितका आवाज उरला होता तितका गोळा केला. बारावर कप गुलाबी झाला, फिकट, स्वच्छ, आणि टिकला. ती खोकली. मोठ्यानं, नेमकी, इतकी वेळेवर की दोन वर्षांत कधी खोकली नसेल.

"औषध घे काहीतरी," पर्सी म्हणाला, आणि हात थांबला नाही.

ती पुन्हा खोकली. रावीरीही खोकला, ज्याला सर्दीचं नाव नव्हतं. पर्सी कप हलवत थेंब पाडत राहिला. तेरा. चौदा. कप आता गुलाबासारखा झाला, मग एल्सीच्या व्हरांड्यापुढच्या गर्द फुलांसारखा. पर्सीनं तो खिडकीपाशी नेला, ढगाळ उजेडात तिरका धरला, डोळे बारीक केले. हातात लालभडक कप घेऊन तो त्याच्या गुलाबी होण्याची वाट बघत होता. पंधरा. सोळा.

"बघ," तो म्हणाला. "सोळापर्यंत तर पांढराच आहे. आता येईल."

रावीरीनं नजर जमिनीकडे वळवली. बॉयलरवाला दारातून मागे सरला, जसं कोणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यावर सरावं. त्या हौदात चार गोठ्यांचं दूध कोमट पडून होतं, आणि पर्सीचा दुसरा हात निवळीची चावी उघडायची खूण करायला उठत होता.

डोरीननं तो हात धरला. एकतीस वर्षं गरम पाण्यात आणि मिठात राहून लाकडासारखा झालेला हात. एवढ्या वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता. टेडच्या दफनालाही नाही.

"पर्सी," ती म्हणाली, आणि आवाज फाटका असूनही शब्द स्पष्ट आले, "तुम्हाला गुलाबी दिसत नाही."