कोऱ्या भिंतींच्या बोळात

मी एक जुना उडता यंत्रमानव आहे. दचकू नका, मित्रांनो! माझे वजन तांदळाच्या चार दाण्यांएवढे. हल्ली काड्यापेटीत कापसावर पडून असतो; पण एके काळी मी उडालो आहे.

मला घडवले एका संशोधक बाईंनी. त्या तासन्‌तास माशीचे उडणे न्याहाळत बसत. "मुलगी काय करते?" असे कोणी विचारले, की त्यांची आई म्हणे, "माश्या मारते!" खरे तर बाईंनी एकही माशी मारली नाही. "मोहरीएवढ्या डोक्यात काय काय मावलंय गं आई!" असे म्हणताना त्यांचे डोळे भरून येत.

उडताना जवळच्या वस्तू भरभर मागे सरकतात, लांबच्या हळू. त्यावरून माशी अंतर ओळखते. मलाही बाईंनी तसेच दोन डोळे दिले. दोन्हीकडच्या भिंती सारख्या वेगाने सरकल्या, की मी समजायचो, आपण मधोमध आहोत.

माझ्या परीक्षेचा दिवस जवळ आला. प्रयोगशाळेतल्या अरुंद बोळातून मी आरपार गेलो तरच बाईंचे काम चालणार होते, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. परीक्षा घ्यायला पाहुणे येणार म्हणून बाईंनी हौसेने बोळाच्या डागाळलेल्या भिंती रंगवून घेतल्या. रंगारीकाका म्हणाले, "एक ठिपका सापडला तर मिशी उतरवीन!"

पाहुणे येण्याआधी बाईंनी मला एकदा उडवून पाहिले. दोन्हीकडे पांढरेच पांढरे! काहीच सरकेना. मी भिंतीवर आपटलो, पंख मोडला. बाईंनी मला उचलले, भिंतींकडे पाहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काका, चूक माझीच. कोऱ्या भिंतीवर याला काय सरकताना दिसणार? काळे उभे पट्टे मारा."

"माझ्याच कामावर? हात धजत नाही हो," काका कळवळले. पण बाई माझा मोडका पंख चिकटवायला बसल्या. ते पाहून काकांनी ब्रश उचलला.

पाहुण्यांसमोर मी पुन्हा उडालो. पट्टे दोन्हीकडून सारखे सरकू लागले आणि मी मधोमध, सरळ, पार! टाळ्या वाजल्या. काका आ वासून उभे. "आणि माशीला हे कुणी न शिकवता येतं?" त्यांनी हळूच विचारले. "हो काका, जन्मतःच!" बाई म्हणाल्या.

पुढे माझ्याहून सरस भावंडे आली आणि मी काड्यापेटीत गेलो. कधीकधी वाईट वाटते, पण तक्रार नाही. मित्रांनो, मागणे एकच. खिडकीच्या काचेवर माशी धडका देताना दिसली, तर फडका उगारू नका. ती वेडी नाही. काच तिला दिसत नाही. तेवढी खिडकी उघडा.