माघारी आलेला दात

मी देवमाशाचा दात. हसू नका! आमच्या बेटांवर माझ्याशिवाय ना लग्न ठरतं, ना भांडण मिटतं. मला पुढे धरायचं आणि आपलं मागणं सांगायचं. समोरच्यानं मला हातात घेतलं, की मागणं कबूल. मग शब्द फिरवायची सोय नाही.

कुठल्या समुद्रात जन्मलो, आता आठवत नाही. तेल चोळून चोळून मी पिवळा झालो, मला दोरी बांधली गेली, आणि अपेनिसा सरदारांच्या आईच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. सरदार मला रोज पुसायचे.

मग आमच्या बेटांना स्वतःची राज्यघटना हवी, असं ठरलं. गावोगावची माणसं चटयांवर बसून, मुळं कुटून केलेलं यांगोना पीत पीत तावातावानं बोलली. आमच्या गावाकडून सरदारांची भाची वासेनाई राजधानीला गेली. तिनं मला घटना लिहिणाऱ्या सभेपुढे धरलं आणि एकच मागितलं, "आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या किनाऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

सभेच्या अध्यक्षांनी मला घेतलं. ते कलम लिहिलं गेलं आणि मी सभागृहाच्या भिंतीवर विराजमान झालो. काय रुबाब होता माझा तेव्हा!

पण एका सकाळी बूट वाजले. सभागृहाला कुलूप लागलं, घटना रद्द झाली. एका कर्नलनं मला भिंतीवरून उतरवलं, उलटसुलट करून पाहिलं आणि जपून पेटीत ठेवलं. त्याला आमच्या रीती ठाऊक होत्या. मला धास्ती वाटली ती त्याचीच.

तो नवी घटना घेऊन आमच्या गावात आला. रीतीप्रमाणे मांडी घालून बसला आणि त्यानं मला दोन्ही हातांवर पुढे धरलं. सरदारांची नजर माझ्यावर पडली.

"अगं वासेनाई, हा तर आईचा दात!" म्हणत त्यांनी हात पुढे केले.

"मामा, थांबा! आधी तो काय मागतोय ते तरी ऐका!"

पण मी सरदारांच्या हातात गेलो होतो. त्यांनी मला गालाशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उपकार झाले, सरदार," कर्नल म्हणाला. "नव्या घटनेला तुमच्या गावाची संमती मिळाली. किनारा आता सरकारचा."

"अहो, पण मी अजून काही ऐकलंच..."

"हातात घेतलात ना?"

सैनिकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

किनाऱ्यावर आता लोखंडी खांब रोवले जाताहेत. सरदार मला पुसत नाहीत, माझ्याकडे पाठ करून बसतात. परवा वासेनाई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मामा, भाचीनं मागितलेलं आपल्यात कुणी नाकारत नाही ना? मग हा दात मला द्या."

"काय करणार आहेस?"

"गावोगाव जाऊन जुनी घटना परत मागणार आहे."

"वेडे, उचलून नेतील तुला!"

"नेऊ देत. तोवर चार गावं तरी गाठीन."

मामांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं.

आता मी तिच्या टोपलीत, अळकुड्यांच्या खाली आहे. होडी धक्क्याला लागतेय आणि धक्क्यावर बूट वाजताहेत. ती पोहोचलीच तुमच्यापर्यंत, तर आधी तिचं ऐका आणि मगच मला हातात घ्या. आणि तिच्याऐवजी दुसराच कुणी मला घेऊन आला, तर मी कितीही ओळखीचा वाटलो तरी, बाबांनो, हात मागे ठेवा.