मधल्या बोटाची टकटक

मी भित्री आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्यात लाज कसली?

दिवेलागणीला आय-आय, आमच्या रानातला माकडासारखा निशाचर प्राणी, आमच्या घराच्या कोपऱ्यातल्या खांबावर बाहेरून चढला आणि मी अंगणातच मागे सरले. मोठाले कान, पिवळे डोळे आणि काडीसारखं लांब मधलं बोट. बोटानं तो खांब वाजवी, कान लावी, वीतभर सरके, पुन्हा टकटक. त्याच खांबाशी आतल्या अंगाला माझा तीन वर्षांचा बोतोसुआ झोपलेला. आय-आयनं ज्याच्याकडे बोट केलं तो गेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"पोराकडंच बोट होतं," सासूबाई म्हणाल्या. "मारा त्याला. नाहीतर घर सोडा."

"सोडू या ना घर," मी नवऱ्याला म्हणाले.

"लवंगा तोडायच्या दिवसांत? तुझं आपलं काहीतरीच," म्हणत तोंबो भाला घेऊन गेला.

सकाळी त्यानं मेलेला आय-आय चव्हाट्यावर काठीला टांगला. येणारा-जाणारा वाटसरू पीडा आपल्याबरोबर लांब नेतो, अशी रीत आहे.

"घे, आता बस निवांत," तोंबो म्हणाला.

पण मला काही निवांत बसवेना. दुपारी वारा सुटला, तशी मी झोपलेल्या पोराला उचलून फणसाखाली जाऊन बसले.

सासूबाई दारात येऊन हसल्या. "पीडा गेली, हिचं भूत उतरेना. पोराला झोपू तरी दे, बाई."

तेवढ्यात कोपऱ्यातला खांब मोडला. छप्पर खाली आलं ते नेमकं पोराच्या चटईवर. सासूबाई दारात होत्या म्हणून वाचल्या.

खांब आतून अळ्यांनी पोखरला होता. जिथं जिथं ते बोट वाजलं होतं, तिथं तिथं पोकळी. तो बिचारा पोटासाठी अळ्या शोधत होता. तोंबो खांबाचा तुकडा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

आता घर नवं आहे, खांबही नवे. रोज दिवेलागणीला मी मधल्या बोटानं एकेक खांब वाजवते आणि कान लावते.

"काय म्हणतोय खांब?" तोंबो विचारतो. हल्ली तो हसत नाही.

मला सगळे खांब सारखेच वाजतात. मग मी पोराची चटई उचलते आणि दाराजवळ घालते.