दुखतंय का

तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पलंगावरच्या बाबांकडे पाहून विचारलं, "आर यू इन पेन?"

"खिशात बघ माझ्या," बाबा म्हणाले. "निळं आहे."

एरवी ती हसली असती. पण उद्या इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. दोनदा नापास झाल्यावर मिळालेली ही शेवटची संधी. हीही हुकली की परदेशातल्या इस्पितळातली नर्सची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. सलाईन, टाके, ड्रेसिंग तिला झोपेतही जमलं असतं. गाडी अडत होती ती एका प्रश्नापाशी.

"शेवटी आवाज खाली आपटता तुम्ही," शिकवणीच्या बाई म्हणाल्या होत्या. "पेशंटला वाटतं, दरडावताय. आणि 'यू'वर कसला जोर? 'तुला? तुला काय धाड भरलीय?' असं ऐकू येतं ते. जोर 'पेन'वर द्या, तिथून आवाज वर जाऊ द्या. मग गप्प बसा. उत्तराची वाट बघा."

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा. रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर तीच दरडावणी. तिने फोन गादीवर भिरकावला आणि तोंडावर हात दाबून रडू लागली.

"एवढं विचारायचंय तरी काय?" बाबांनी हळूच विचारलं.

"दुखतंय का, एवढंच."

"मग मला विचार की. मी पेशंटच आहे."

जिन्यावरून पडून खुबा मोडल्यापासून ते अंथरुणातच होते. रोज सकाळी चादर बदलताना ती म्हणायची, "आज दुखत नाहीये ना?" ते म्हणायचे, "छे!"

ती त्यांच्या उशाशी बसली. अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आर यू इन पेन?"

आवाज शेवटी वर गेला आणि तिथेच थांबला. ती गप्प राहिली.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हो," ते म्हणाले. "फार."

आधी तिला वाटलं, पेशंटचं सोंग वठवताहेत. मग चादरीत रुतलेली त्यांची मूठ दिसली.

"कधीपासून?"

"तुझी शिकवणी सुरू झाली ना, त्याच सुमारास."

तिने चादर बाजूला केली. खुब्यापाशी बोटं नुसती टेकली, तरी बाबांनी श्वास रोखला. कातडी तापलेली होती.

"आत्ता कसं झकास जमलं तुला," ते म्हणाले. "उद्याही अस्संच विचार."

तोवर चपला पायात सरकवून ती डॉक्टरांना बोलवायला निघाली होती.