बरुआसागरचा रविवार

"झाशीत आहे काय?" असं आमच्या ह्यांनी जेवता जेवता विचारलं, तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात गरम फुलका. फुलका ताटातच पडला ही देवाची कृपा.

झाशीत आहे काय म्हणे! अहो, माझं माहेर आहे. आमचे मूळ पुरुष मराठ्यांच्या सुभेदारांच्या काळात पूजाअर्चेला म्हणून इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. मी इथंच जन्मले, इथंच शिकले आणि लग्नही इथंच बदली होऊन आलेल्या माणसाशी केलं. दिवाकर म्हणजे आमचे हे मूळचे भुसावळचे, मालगाडीचे गार्ड. शेवटी शेवटी रेल्वेने त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, पण आमच्या सीपरी बाजारात ते गार्डसाहेबच राहिले. मागच्या जूनमध्ये रिटायर झाले, आणि तेव्हापासून घरात नुसते येरझारा घालत होते.

त्यात सलीलचा फोन आला. सलील आमचा मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याच्या खालचाच फ्लॅट रिकामा होत होता. "आई, बाबा, या आता इकडे कायमचे. मालक रविवारी संध्याकाळपर्यंत थांबेल, मग दुसऱ्याला देईल." हे लगेच तयार. तेहतीस वर्षं ज्या गावचं पाणी प्यायले, ते सोडायला माणसाला तेहतीस मिनिटं लागू नयेत? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुम्ही झाशी बघितलीच कुठे?" मी म्हटलं. "आयुष्य गेलं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. घरी आलात की झोप, उठलात की ड्यूटी. मला एक रविवार द्या. मी दाखवते. आणि त्यानंतरही संध्याकाळी तुम्ही म्हणालात 'चल पुण्याला', तर मी एक शब्द न बोलता सामान बांधीन."

"एक शब्द न बोलता?" हे हसले. "मग तर आलोच मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! रात्रभर माझा डोळा लागला नाही. पुण्याशी माझं काही वैर नाही, मुलगा तिथे आहे. पण तिथे मी कोण? सलीलची आई. इथे मी वाण्याकडे गेले तरी तो आधी माझ्या वडिलांची आठवण काढतो, मग साखर तोलतो. हे सगळं माझं एका रविवारावर टांगलेलं होतं, आणि टांगणारी मीच.

झाशीचा किल्ला ह्यांना खिडकीतून दिसतो, त्याची किंमत नाही. ओरछाला प्रत्येक पाहुण्याबरोबर जाऊन आलोय. म्हणून मी बरुआसागर काढलं. तळं, तळ्यावर किल्ला, शेजारी टेकड्या आणि पलीकडे जराईचा मठ, हजारेक वर्षांचं देऊळ. तळ्यापासून टेकडीवरून चालत मठापर्यंत जायचं असा माझा बेत. "रस्ता माहीत आहे ना?" ह्यांनी विचारलं. "पायाखालचा आहे," मी म्हटलं. "वडील दर संक्रांतीनंतर आम्हाला न्यायचे."

सकाळी बसने निघालो. थंडी होती, ऊन छान होतं. डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि तिळाचे लाडू. बरुआसागरला उतरलो तर बाजारात आल्याचे ढीग लागलेले, सगळा रस्ता आल्याच्या वासाने भरलेला. आल्याच्या ढिगामागे बसलेल्या म्हातारीला मी थोडं मिरवतच सांगितलं, टेकडीवरून मठाला चाललोय.

"टौरिया पै सें नईं, बाई," ती म्हणाली. टौरिया म्हणजे आमच्याकडची छोटी खडकाळ टेकडी. "सड़क-सड़क कड़ जाओ."

"हम यहीं के हैं, अम्मा," मी म्हटलं आणि पदर खोचून पुढे झाले.

तळं पाहिलं आणि माझाच जीव सुखावला. समुद्र नाही आमच्याकडे, पण बांधावर उभं राहिलं की पाणी थेट टेकड्यांना जाऊन लागतं, आणि वाऱ्याने लाटा आल्या की पायऱ्यांवर आपटतात. वर बुंदेल्यांचा किल्ला. मी बांधावरून चालताना बोलत होते. इथे बुंदेले आणि मराठे कसे लढले, किल्ला मराठ्यांकडे कधी आला, आमच्या घरातले कोण कुणाबरोबर आले. माझी तर गाडी सुटली होती.

आणि हे काय करत होते? माझ्यामागून तीन पावलांवर चालत होते आणि दर वीस-पंचवीस पावलांनी थांबून मागे वळून बघत होते. मी पुढचा बुरूज दाखवतेय, हे मागे. मी पाण्यावरची बदकं दाखवतेय, हे मागे. तिकडे स्टेशनाच्या बाजूला एक मालगाडी शिट्टी देऊन गेली, तर ह्यांनी खिशातून घड्याळ काढून वेळ बघितली.

"अहो, त्या गाडीवर तुमची ड्यूटी नाहीये आता!"

"ऐकतोय गं," हे म्हणाले आणि परत मागे वळले.

मला कळून चुकलं. माणसाचं मन इथे नाही. किल्ल्यावर चढलो, गच्चीवरून खालचं तळं बघितलं. वरून ते इतकं निळं आणि शांत दिसत होतं की मी आपणहून बोलायची थांबले. दशम्या खाल्ल्या. हे दोन लाडू जास्त खाऊन म्हणाले, "छान आहे." पण 'छान आहे' हे तर ते दवाखान्यातल्या चहालाही म्हणतात. आता मठ दाखवल्याशिवाय काही खरं नाही, मी मनाशी म्हटलं, आणि टेकडीच्या वाटेला लागले.

वाट सुरुवातीला चांगली ठसठशीत होती. मग तिच्या दोन झाल्या. मी डावी घेतली, कारण वडील म्हणायचे, डावी. पुढे खैराची झुडपं, मोठमोठे गोल धोंडे, मध्येच कुणीतरी घडवलेला एखादा जुना दगड आडवा पडलेला. मी त्यावरही काहीबाही सांगितलं, चंदेलांचा असावा वगैरे. मग वाट शेळ्यांची झाली. मग शेळ्यांचीही राहिली नाही. तीन वाजून गेले होते. फोनला रेंज नव्हती. माझा डावा गुडघा ठणकायला लागला होता, आणि चारी बाजूंना सारखेच धोंडे, सारखाच पळस.

"बकुळ," हे शांतपणे म्हणाले, "पाणी पी. बस जरा."

मी बसले आणि मला रडूच कोसळलं. एकोणसाठ वर्षांची बाई, धोंड्यावर बसून पोरीसारखी रडतेय. पितळ उघडं पडायचं ते पडलंच होतं, मग मीच सगळं सांगून टाकलं.

"मी कधीच इथे आले नाहीये हो! बांधावर आणलं होतं वडिलांनी, एकदा, मी सात वर्षांची असताना. टेकडीवरून मठाला ते जायचे, त्यांच्या मित्रांबरोबर. त्या दिवशीही आम्ही पोरी खाली बांधावर भातुकली खेळत बसलो. मी नुसतं ऐकलंय. आमच्या घरात सगळ्यांनी सगळं ऐकलेलंच आहे. हा किल्ला आमचा, तो घाट आमचा, अमुक देऊळ आमचं. बघितलंय कुणी? आणि मी तुम्हाला म्हणते, तुम्ही झाशी बघितली नाहीत! चला पुण्याला. मी कसली इथली? आज रात्रीच सामान बांधते."

ह्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि मला हात दिला.

"ऊठ. मी आणतो तुला बाहेर."

"तुम्ही? तुम्ही तर बघितलंसुद्धा नाही काही!"

"पुढचं नाही बघितलं. मागचं सगळं बघितलंय." आणि ते पहिल्यांदाच माझ्यापुढे चालायला लागले. "आता एक वाळका पळस येईल, त्याच्या खाली वारूळ. मग दोन धोंडे एकमेकांना टेकलेले, त्यांच्या मधून. नंतर तो घडीव दगड, तू चंदेलांचा म्हणालीस तो."

पळस आला. वारूळ आलं. धोंडे आले. मी येताना ह्यातलं काहीच पाहिलं नव्हतं, कारण माझी नजर सगळी पुढे होती.

"गार्डला इंजिन चालवायचं नसतं गं," हे चालता चालता म्हणाले. "पुढचा रस्ता ड्रायव्हर बघतो. आपण शेवटच्या डब्यात. आपल्याला दिसतं ते मागे राहिलेलं. गाडी जंगलात उभी राहिली, तर गार्डने उतरून मागे चालत जायचं, मागून येणाऱ्या गाडीला थांबवायला. काळोख असो, पाऊस असो. मग मागचा रस्ता ठाऊक नको? डोळ्यांना सवयच लागली, गेलेली जागा उलट्या बाजूने बघून ठेवायची."

"आणि मला वाटलं तुम्हाला कंटाळा आलाय."

"कंटाळा? मला भीती वाटत होती. तू इतक्या जोरात चालत होतीस की वाटलं, ही नक्की कुठेतरी पडणार."

मी हसले. रडता रडता हसले, नाक पुसलं. अहो, सांगायचं नाही का तेव्हाच? तर म्हणतात, "तू बोलायला फट ठेवलीस तर ना!"

दोन वाटा फुटल्या होत्या तिथे आलो. तळ्याकडे उतरायचं सोडून हे थांबले, आणि येताना सोडलेल्या उजव्या वाटेकडे बोट दाखवलं.

"तू इथून डावीकडे वळलीस, तेव्हा मी मागे बघितलं. तिकडे झाडांच्या वरून एका देवळाचा माथा दिसत होता. मला वाटलं, तू दुसरीकडून वळसा घालून नेतेयस. इथली आहेस, तुला माहीत असणार. म्हणून बोललो नाही." त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "जमेल? फार लांब नसावं."

जमेल म्हणजे! गुडघा गेला खड्ड्यात.

अर्ध्या तासात आम्ही मठापाशी होतो. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं देऊळ, आणि आता खरोखर माझ्या डोळ्यांसमोर. वरचा भाग ढासळलेला आणि नंतर सावरलेला, पण दाराची चौकट अशी कोरलेली की कुठे बोट ठेवायला जागा नाही. नुसत्या मूर्तीच मूर्ती. कलत्या उन्हात सगळा दगड पिवळा झाला होता. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी चौकटीला हात लावून नमस्कार केला, आणि ह्यांनी एकेक मूर्ती खालपासून वरपर्यंत बघायला घेतली, चष्मा पुसून पुसून. असा हा माणूस मी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता.

मग पायरीवर बसलो. मी सरळच विचारलं, "तुम्हाला पुण्याला का जायचंय? खरं सांगा."

"इथे सगळं तुझं आहे, बकुळ. देऊळ तुझं, मराठी मंडळ तुझं, वाणीसुद्धा तुझा. मला कुणी ओळखलं तर बकुळताईंचे मिस्टर म्हणून. ड्यूटी होती तोवर चाललं. आता सकाळी उठलो की वाटतं, मी ह्या गावात करतोय काय? पुण्यात निदान दोघंही नवे असू."

मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांचा हात धरला, भर दिवसा, उघड्यावर. पण बोलले काहीच नाही. शब्द दिला होता, आणि तो पाळायचा असं ठरवूनच बसले होते. पुणे तर पुणे, हा माणूस बरोबर असला म्हणजे झालं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

तेवढ्यात फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. सलील. ह्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, किती वेळ फोन लावतोय! मालक विचारतोय. काय सांगू?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चपलेतला काटा काढत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

"त्याला सांग, दुसऱ्याला देऊन टाक."

"म्हणजे? आई नाही म्हणाली ना? मला वाटलंच होतं. आई, अगं—"

"आई तयार आहे रे. आत्ता म्हटलं तर बॅग भरेल. मीच येत नाही."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात, झाशीत आहे काय!"

"ते मला तरी कुठे माहीत होतं," हे म्हणाले. "आणि तुला एक गोष्ट सांगतो, तुझ्या आईलाही नाही. एकोणसाठ वर्षं राहतेय, काहीसुद्धा बघितलेलं नाही तिने. पुढच्या रविवारी गढकुंडारच्या किल्ल्यावर नेतोय तिला. एकटी सोडली तर हरवेल रे ही. कुणीतरी बरोबर नको?"

दुसरं कुणी असं म्हणालं असतं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता मी. पण मी उठले, पिशवी ह्यांच्या खांद्याला दिली, आणि सडकेपर्यंत त्यांच्यामागून चालले.