न बोललेला पडदा

आमचे लॅपटॉप लिनक्स या प्रणालीवर चालतात. तिची नवी आवृत्ती आली की ती आधी माझ्या लॅपटॉपवर चढते. तिथे पंधरा दिवस नीट चालली तरच यांच्या लॅपटॉपवर जाते. यांची दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा बाईचा आवाज हाच आता त्यांचा आधार. मी तिला सवत म्हणते.

"काय, सवत रमली का नव्या घरात?" हे रोज विचारायचे.

"रमली की. तुमच्यापेक्षा बरं ऐकते माझं."

या खेपेला घाई होती. जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या महिनाअखेरीला बंद होणार होत्या. नवीत पडद्यामागची सगळी रचनाच बदललेली. त्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "उजवा जवळजवळ गेलाय. डावा सांभाळा." म्हणजे सवत ऐकू येईल तेवढेच दिवस यांचं वाचणं-लिहिणं.

मी चाळीस गोष्टींची यादी केली. मराठी कळफलक, प्रिंटर, ई-टपाल, आवाजाचा वेग. एकेकीपुढे पेन्सिलीने खूण. यादीची सवय जुनी आहे. तरुणपणी मी जुन्या संगणकांच्या कार्डांना भोकं पाडायच्या खोलीत नोकरीला होते. आम्ही अठरा जणी, आणि यंत्रांचा असा कडकडाट की घरी गेल्यावरही कानात घुमायचा. एकीनं केलेलं कार्ड दुसरीनं पुन्हा ठोकून बघायचं, फरक पडला की यंत्र अडायचं. आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या, "आपल्या हातची चूक आपल्याला दिसत नाही, मुलींनो. डोळा लबाड असतो." काय करारी बाई होत्या! आणि मी इथे एकटीच ठोकत होते, एकटीच तपासत होते.

चाळीस खुणा झाल्या. रविवारी मी यांच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवली, पासवर्ड भरून आत गेले, सवत बोलली. झालं, म्हटलं.

सोमवारी सकाळी मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. परतले तर दारातूनच टण् टण् ऐकू आलं. हे टेबलाशी बसले होते. लॅपटॉप उघडा. हातात चमचा, आणि त्याने ते पाण्याच्या पेल्यावर ठोकत होते, कान अगदी जवळ नेऊन.

"अहो, काय चाललंय?"

ते दचकले. चमचा खाली पडला. "तू बोललीस?"

"मग काय सवत?"

"ती बोलत नाही," ते म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तासभर झाला. मला वाटलं, संपलं."

पडद्यावर पासवर्डाची चौकट होती. मी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काही नाही. कुठे आहे, काय लिहायचं, काही कळेना. पासवर्ड भरून आत गेल्यावरच सवत बोलू लागायची. दारात ती मुकी होती. रविवारी मी ते दार बघत बघत ओलांडलं होतं. आवाज आला की नाही, याकडे माझं लक्षच नव्हतं.

बनवणाऱ्यांना मी लिहिलं. उत्तर आलं: दोष माहीत आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी. मी जुनीच परत चढवली. दुरुस्त्या मिळोत न मिळोत.

"बघा, आली माहेरी," मी म्हटलं. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते सवतीला बंद करून लिहायला बसू लागले.

"हा काय नवा हट्ट?"

"सराव. उद्या पुन्हा मुकी झाली तर? बोटांना वाट पाठ हवी."

गुरुवारी त्यांनी मला हाक मारली. रेडिओच्या दुकानातल्या जुन्या सोबत्याला दर आठवड्याला ते पत्र पाठवतात. मी ती कधी वाचली नव्हती. "अगं, अक्षरं नीट पडलीत का तेवढं बघ. मजकूर वाचू नकोस."

पहिल्या चार ओळी स्वच्छ होत्या. पुढे बोटं एक कळ उजवीकडे सरकली होती आणि पानभर नुसता अक्षरांचा चिखल.

"नीट आहेत," मी म्हटलं. "थोडं सारखं करते आणि पाठवते."

ते झोपायच्या खोलीत गेले. मी एकेक अक्षर एक कळ डावीकडे आणत बसले. वाचू नकोस म्हणाले होते, पण न वाचता ते सरळ कसं करणार? तासाभराने ओळी उभ्या राहिल्या.

"सोमवारी मशीन गप्प होतं हे खरं. पण पेलाही नीट ऐकू आला नाही. डावाही चालला, गड्या. हिला सांगू नकोस. तिची यादी फुकट जाईल."

"गेलं का गं पत्र?" त्यांनी आतून विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.

"गेलं का?" त्यांनी पुन्हा विचारलं, आधीपेक्षा मोठ्याने.